ओंजळभर मातीतील रोपवाटिका

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता. आयुष्यभर इतिहास शिकविणाऱ्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार! तरीही आम्ही या वेळी बियांवर लिहिण्याचे ठरविले. त्याचे कारण पालक सभेत दडलेले आहे. वसतिगृहामागील परसबागेतील वांगी, मिरच्या आणि वालाचे वेल पाहून अनेक पालक भगिनी आम्हांला एकच गोष्ट सांगतात : "सर, आम्हालाही लावावंसं वाटतं, पण जागाच नाही." कोणाचे घर दोन खोल्यांचे असते, कोणाचे टिनपत्र्याचे, आणि पुढचे अंगण म्हणजे गल्लीच. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मात्र झाड वाढविण्यास लागणारी जागा आणि बी उगविण्यास लागणारी जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी पाणी पिण्याच्या तांब्याएवढी जागा पुरते, हे आम्ही गेल्या काही वर्षांत अनुभवाने शिकलो आहोत. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला एक वेगळे परिमाण आहे. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांतून प्रवास करताना रस्त्याच्या दुतर्फा हिरव्या-पांढऱ्या जाळीचे मांडव दिसतात. त्या शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी यांसारख्या भाज्यांचे संकरित बियाणे तयार होते. शेजारच्या जालना शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. जालन्याच्या आजूबाजूला बियाण्यांचा जो उद्योग वाढला, त्याचे हात आपल्या जिल्ह्यापर्यंत पोहोचले आहेत. हे काम अतिशय नाजूक असते. कळी उमलण्यापूर्वी तिच्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावे लागतात आणि नंतर दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलावर हाताने लावावे लागतात. याला तेथे सरळ 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. आमच्या शाळेतील काही मुलींच्या माता त्यांपैकीच आहेत. त्यांच्या बोटांतून तयार झालेले बी करारानुसार कंपनीकडे जाते आणि पाकिटात भरून देशभर विकले जाते. बियांचे जीवशास्त्र ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, त्यांच्याच घरी मिरचीचे एखादे झाड नसावे, ही विसंगती आम्हांला फार दिवस बोचत होती.

ती दूर करण्याचा मार्ग आम्हांला सुचला नाही, तो अशाच एका मातेने दाखविला. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी आठवीतील एका मुलीने एस.टी.ने येताना कापडी पिशवीतून एक गुंडाळी आणली. वरून पाहावे तर हिरवा चक्राकार गालिचा. प्रत्यक्षात ती मिरचीची सत्तावीस रोपे होती. तिच्या आईने ती चुलीजवळच्या खिडकीत, एका जुन्या जर्मनच्या ताटलीत वाढविली होती. सत्तावीस पेले एस.टी.तून कोणी आणू शकले असते काय? आम्ही ती गुंडाळी सोडून पाहिली, आणि तेव्हापासून आमच्या परसबागेची रोपे याच पद्धतीने तयार होतात. पद्धतीचा तपशील पुढे येईलच; त्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे, कारण सवय सुटत नाही.

बी म्हणजे केवळ दाणा, असे आपण समजतो. पाली वाङ्मयात मात्र याचा विचार अधिक बारकाईने झालेला आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात आणि विनयातील पाचित्तियाच्या विवरणात बीजांचे पाच प्रकार दिले आहेत : मूलबीज, खंधबीज, फळुबीज, अग्गबीज आणि बीजबीज. हळद व आले मुळापासून येतात, वड-पिंपळ फांदीपासून येतात, ऊस व वेळू पेरापासून येतात, काही सुगंधी वनस्पती शेंड्यापासून येतात आणि धान्य-कडधान्ये दाण्यापासून. भिक्षूंनी वनस्पतींचा नाश करू नये या नियमाच्या निमित्ताने ही यादी आलेली आहे. परंतु तिच्यातून त्या काळच्या लोकांचे निरीक्षण दिसते. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखातही माणसांना व जनावरांना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जेथे नाहीत तेथे आणून लावल्याचा उल्लेख आहे. गावोगावी रोपे पोहोचविण्याचे काम एका राजाला दगडावर कोरून ठेवण्याइतके महत्त्वाचे वाटले, हे वर्गात शिकविताना आम्ही नेहमी थांबून सांगतो.

जागेच्या प्रश्नावर आणखी एक संदर्भ आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेताचा लहानपणा हाच दोष मानणाऱ्यांना त्यांनी विचारले की जमिनीचा आकार एकटा काय सांगतो? तिच्यावर लावलेले भांडवल आणि श्रम यांच्याशी तिचे प्रमाण काय, हे पाहावयास हवे. तो निबंध राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेविषयी आहे, खिडकीतील कुंडीविषयी नाही, आणि त्याला कुंडीत कोंबण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु 'जागा किती' याआधी 'जागेत काय घालता' हे विचारण्याची सवय आम्हांला त्या वाचनाने लागली, एवढे मान्य केले पाहिजे.

आता मूळ विषय. बी उगविण्यास तीन गोष्टी लागतात : ओल, हवा आणि ऊब. आपल्या नेहमीच्या भाज्यांच्या बियांना उगविताना उजेडाची गरज बहुधा नसते; तो लागतो कोंब वर आल्यानंतर. अन्न तर बी स्वतःबरोबरच घेऊन आलेले असते. दोन दलांत साठविलेल्या शिदोरीवर ते पहिले काही दिवस जगते, म्हणून खत घातलेली माती त्याला सुरुवातीला नको असते. हे लक्षात आले की बियांना मोठी कुंडी का लागत नाही, हेही लक्षात येते. खरी पाने फुटेपर्यंत त्याला आधारापुरती माती आणि श्वासापुरती हवा पुरते.

हवा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. बी श्वास घेते, आणि पाण्यात बुडालेले बी गुदमरून कुजते. आमची पहिली फजिती येथेच झाली. अनेक वर्षांपूर्वी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असताना, १४ एप्रिलच्या जयंतीनंतर चहाचे वापरलेले कागदी पेले आम्ही गोळा केले, त्यांत शेतातील काळी माती दाबून भरली आणि साठ बिया मिरचीच्या पेरल्या. पेल्यांना खाली छिद्र पाडावे हे सुचले नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मात्र भक्तिभावाने घातले. दहाव्या दिवशी दोन कोंब दिसले आणि त्यांनीही लवकरच मान टाकली. बियाणे खराब निघाले, असे आम्ही चारचौघांत सांगत होतो. बियाणे उत्तम होते. आम्ही त्याला चिखलात पुरले होते.

आपली काळी कसदार माती पिकाला कितीही मानवली, तरी पेल्यात ती घातक ठरते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, आणि त्या ओढाताणीत केसासारखी मुळे तुटतात. रोपवाटिकावाले म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरतात. तो उत्तम आहे, परंतु समुद्रकिनाऱ्यावरून आपल्या जिल्ह्यात येतो आणि विकत घ्यावा लागतो. आम्ही त्याऐवजी नदीकाठची पोयट्याची माती दोन भाग, पूर्ण कुजून चहापत्तीसारखे सुटे झालेले शेणखत एक भाग आणि बारीक वाळू एक भाग, असे मिश्रण चाळून वापरतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा, ही त्याची परीक्षा. मे महिन्यात हे मिश्रण जुन्या पत्र्यावर पातळ पसरून आठ-दहा दिवस उन्हात तापवितो. खामगाव-मलकापूरकडे मे महिन्याचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. मातीतील बुरशी आणि किडींची अंडी त्यामुळे बऱ्याच अंशी नष्ट होतात. घाई असेल तर उकळते पाणी ओतून, माती थंड व कोरडी करून घ्यावी.

पाण्याबाबत घाटाखालील वाचकांना एक सूचना करणे आवश्यक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या अनेक गावांत, विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी खारट असते. क्षारयुक्त पाणी बियांना शोषून घेणे अवघड जाते. उगवण उशिरा आणि विरळ होते. मोठे झाड थोडाफार खार सोसते, कोंब सोसत नाही. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांपुरते तरी पावसाचे साठविलेले किंवा नळाचे गोडे पाणी वापरावे. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असेल तर त्याच्या नळीतून वाहणारे टाकाऊ पाणी रोपांना घालण्याचा मोह होतो. ते मुळात असलेल्या पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असते. फरशी पुसण्यास वापरावे, बियांना नको. छोट्या रोपवाटिकेचा हाच मोठा फायदा आहे. पंचवीस रोपांना दिवसाला पेलाभर पाणी पुरते, आणि पेलाभर गोडे पाणी टँकरच्या दिवसांतही निघू शकते.

पेरण्यापूर्वी बी जिवंत आहे की नाही, हे पाहून घ्यावे. ही विद्या आपल्या शेतकऱ्यांना नवी नाही. सोयाबीन हे आपल्या जिल्ह्याचे प्रमुख पीक, आणि सोयाबीनचे बी फार नाजूक. त्याचे टरफल पातळ असल्याने आदळआपट झाली तरी उगवण घटते. २०२०च्या खरिपात बी न उगविल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. त्यामुळे कृषी विभाग दरवर्षी घरच्या घरी उगवणशक्ती तपासण्याचे आवाहन करतो. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावयाचे, वरून दुसरे ओले बारदान घालून त्याची वळकटी करावयाची आणि ती सावलीत ठेवून ओलसर राखावयाची. पाच-सहा दिवसांनी सोडून निरोगी कोंबांचे दाणे मोजावयाचे. शंभरात सत्तर किंवा अधिक निघाले तर एकरी तीस किलो हे शिफारशीचे प्रमाण पुरते. त्याहून कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते, आणि साठाच्याही खाली गेले तर ते बी पेरणीस न वापरणेच बरे.

हीच वळकटी लहान करून घरात आणली की परसबागेचे निम्मे काम होते. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तळहाताएवढा तुकडा ओला करून पिळावा, त्यात दहा-बारा बिया एकमेकींना न लागतील अशा मांडून घडी घालावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. मेथी व मुळा तीन-चार दिवसांत मोड दाखवितात, टमाट्याला आठवडा लागतो, वांग्याला त्याहून थोडा अधिक, मिरचीला कधीकधी दोन आठवडे. कारले आणि दोडके यांचे टरफल कठीण असल्याने त्यांना आधी रात्रभर पाण्यात भिजवावे. कोथिंबिरीचा, म्हणजे आपल्या सांबाराचा, दाणा चपलेखाली हलकेच रगडून त्याचे दोन भाग करावे लागतात, कारण त्या एका फळात दोन बिया असतात. मोडाची लांबी दाण्याएवढी झाली की लगेच मातीत न्यावा. उशीर केला तर मूळ कापडाच्या धाग्यांत शिरते आणि सोडविताना तुटते. जे बी मोडले नाही त्याच्यासाठी माती, पाणी आणि जागा काहीही खर्च होत नाही, हे या घडीचे खरे महत्त्व.

आता ती गुंडाळी. चार इंच रुंद आणि दोन ते अडीच हात लांब अशी पट्टी घ्यावी. कागदाची पट्टी लवकर फाटते, सुती कापडात मुळे गुंततात. सर्वांत उत्तम पट्टी जुन्या फ्लेक्सच्या फलकाची होते. ती गुळगुळीत असते, कुजत नाही, आणि धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते. गावात फ्लेक्सला तोटा नाही. महापुरुषांची छायाचित्रे असलेला फ्लेक्स अर्थातच कापू नये. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पुरेसे मिळतात.

पट्टी जमिनीवर अंथरावी. तिच्यावर ओलसर मिश्रणाचा करंगळीएवढा जाड थर द्यावा. वरच्या कडेला अर्धा इंच जागा मोकळी सोडावी आणि शेवटची वीतभर पट्टीही कोरी ठेवावी. मग चटई गुंडाळावी तशी ती सैल नाही व आवळही नाही अशी गुंडाळत जावे. आवळली तर हवा जाते, सैल राहिली तर माती खालून गळते; दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात हात बसतो. सुतळीने बांधून ती पसरट ताटलीत उभी करावी. आता वरून पाहिले असता मातीची चक्राकार रेघ दिसते. त्या रेघेवर दोन-दोन बोटांच्या अंतराने काडीने खड्डे करून मोड आलेल्या बिया ठेवाव्यात आणि बियांच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट मातीने झाकाव्यात. एवढ्या पट्टीत पंचवीस ते तीस रोपे बसतात आणि गुंडाळीचा व्यास अर्ध्या फुटाहून कमी भरतो. तेवढीच रोपे चहाच्या पेल्यांत लावली तर फूटभराहून लांब-रुंद फळी अडते. हिशेब केल्यास जागा निदान पाच पटीने वाचते.

पाणी वरून ओतावयाचे नाही. ताटलीत बोटभर पाणी घालावे; माती ते खालून ओढून घेते. अर्ध्या तासाने उरलेले पाणी काढून टाकावे. महिन्याभराने रोपे लावण्याजोगी झाली की गुंडाळी उलट सोडीत जावे. प्रत्येक रोप आपापल्या मातीसह अलगद हाती येते, मूळ तुटत नाही, आणि पट्टी धुऊन वाळवून पुढच्या हंगामासाठी ठेवता येते. व्यावसायिक रोपवाटिकेत अठ्ठ्याण्णव खणांचा प्लास्टिकचा ट्रे वापरतात; हजारो रोपांसाठी तो सोयीचा असला, तरी वीस रोपांच्या घरी तो आणणे म्हणजे चार माणसांसाठी लग्नाचे पातेले काढण्यासारखे आहे.

ज्यांना गुंडाळी जमणार नाही त्यांनी एका पसरट डब्यात, तळाला छिद्रे पाडून, बिया दाट फेकाव्यात. तळहाताएवढ्या डब्यात टमाट्याची तीस-चाळीस रोपे सहज उगवतात. पहिली दोन पाने ही दले असतात. त्यांच्यानंतर येणारी कातरलेली पाने खरी. खऱ्या पानांची जोडी आली की काडीने उचलून रोपे वेगळी करावीत. उचलताना रोप पानाला धरावे, खोडाला कधीही धरू नये. पान चुरगळले तर दुसरे येते, खोड एकच असते.

वेगळे केलेले रोप कशात लावावे, याविषयी घरोघरी वेगवेगळी मते ऐकू येतात. अंड्याच्या टरफलात रोपे लावलेली छायाचित्रे फार सुंदर दिसतात. आम्ही तो प्रयोग केला आणि सोडून दिला. टरफलात जेमतेम दोन चमचे माती मावते, ती दुपारपर्यंत वाळते, आणि टरफल जमिनीत लवकर विरघळत नसल्याने मुळे आतच कोंडतात. टरफले कुटून खतात टाकावीत, हेच बरे. नारळाची करवंटी टिकाऊ, परंतु तिला छिद्र पाडण्यासाठी खिळा तापवून घ्यावा लागतो. चहाच्या कागदी पेल्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते पेल्यासह मातीत पुरले तर कुजत नाहीत. रोप काढून पेला पुन्हा वापरावा. प्लास्टिकच्या पेल्यांवर तर २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेपासून महाराष्ट्रात बंदीच आहे, तरी ते कोठून येतात हे न विचारलेले बरे. दुधाच्या पिशव्या धुऊन, कोपरे कापून उत्तम चालतात.

आमची पसंती मात्र दोघांना. एक, वर्तमानपत्राचा पेला : अर्धे पान लांबीत दुमडून पट्टी करावी, ती पाण्याच्या पेल्याभोवती गुंडाळावी, खालची कड आत दाबून तळ करावा आणि पेला काढून घ्यावा. तुळतुळीत रंगीत पुरवणी वापरू नये. हा पेला रोपासह तसाच जमिनीत जातो. फक्त त्याची वरची कड मातीबाहेर राहू देऊ नये, कारण ती दिव्याच्या वातीप्रमाणे ओल वर खेचून हवेत घालविते. दुसरा, पळसाच्या पानांचा द्रोण. सातपुड्याच्या पायथ्याला आणि ज्ञानगंगेच्या जंगलाकडे पळसाला तोटा नाही, आणि द्रोण लावणारे हात अजून शाबूत आहेत. काकडी, दोडके, कारले, भोपळा यांची मुळे हलविलेली खपत नाहीत. त्यांच्यासाठी द्रोणाला तोड नाही. दोन बिया लावाव्यात, त्यांतील सशक्त रोप ठेवावे आणि दोन-चार पाने येताच द्रोणासह पुरावे. तोवर द्रोण मऊ पडू लागलेला असतो.

वस्तू शेवटपर्यंत वापरण्याविषयी विनयपिटकातील चुल्लवग्गात एक संवाद आहे. राजा उदेन स्थविर आनंदांना विचारतो की एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करणार? जीर्ण चीवराचे पांघरूण होते, पांघरुणाची गादीची खोळ, खोळीचे जमिनीवरील अंथरूण, अंथरुणाचे पायपुसणे, पायपुसण्याचा धूळ झटकण्याचा फडका. आणि तोही फाटला की चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपली जाते, असे आनंद सांगतात. राजाचे समाधान झाले. वर्गात हा संवाद सांगितल्यावर एका मुलाने विचारले होते, "सर, फ्लेक्सचं शेवटी काय करायचं?" त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. फ्लेक्स कुजत नाही. त्याची पट्टी आम्ही वापरतो ती केवळ नवी वस्तू विकत घ्यावी लागू नये म्हणून.

रोपांचा खरा शत्रू बहुतेक वेळा आपली माया असते. काल टवटवीत दिसणारी रोपे आज जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात, याला रोप कोलमडणे म्हणतात. मातीतील बुरशी जास्त ओल, दाटी आणि कोंडलेली हवा मिळाली की हे काम करते. एका पावसाळ्यात वसतिगृहाच्या खिडकीतील वांग्याचा संपूर्ण डबा आमच्या हातून असा गेला. मुलांनी तीन वेगवेगळ्या पाळ्यांत तीनदा पाणी घातले होते. त्यानंतर पाण्याची पाळी एकाच मुलाकडे आणि फक्त सकाळी, असा नियम झाला. आजार दिसल्यावर उपाय फारसा नसतो. विरळ पेरणी, खालून पाणी आणि वारा यांवरच भिस्त ठेवावी. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी कृषी विज्ञान केंद्रांतून मिळते. ती मिश्रणात आधीच मिसळल्यास मदत होते.

उजेड कमी पडला की रोपे सुतासारखी लांब आणि फिकट होतात. पूर्वेची खिडकी किंवा पत्र्याच्या पडवीची कड ही त्यांची योग्य जागा. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत मात्र भट्टी असते, तेथे गुंडाळी ठेवू नये. माठाशेजारची थंड जागा बी उगवेपर्यंत चालते. जमिनीत लावण्यापूर्वी आठवडाभर रोपांना रोज थोडे अधिक ऊन दाखवावे आणि पाणी किंचित कमी करावे, म्हणजे ती काटक होतात. टमाटे चार आठवड्यांत, वांगी व मिरची पाच-सहा आठवड्यांत, कांद्याचे रोप दीड महिन्याच्या पुढे लावण्यास येते. भेंडी, गवार, चवळी, मेथी, मुळा आणि गाजर यांना या सगळ्या सोहळ्याची गरज नाही. ती थेट जागेवर पेरावीत. मुळा-गाजराचे रोप उपटून लावले तर खाण्याचे मूळच वेडेवाकडे होते.

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय लेख पुरा करता येणार नाही. पाकिटातील बी गुलाबी, निळे किंवा हिरवे रंगविलेले असेल तर त्याला विषारी औषध चोळलेले असते, हे ओळखावे. असे बी लहान मुलांच्या हाती देऊ नये, त्याला मोड आणण्यासाठी स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि उरलेले बी कोंबड्यांना टाकू नये. दुसरी गोष्ट संकरित वाणांची. पाकिटावर 'एफ-१' लिहिलेले असेल तर त्या झाडाच्या फळातून काढलेले बी मूळ झाडासारखे उतरत नाही. घरचे बी धरावयाचे असेल तर सरळ किंवा गावठी वाण हवा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असे गावठी वाण घरात जपले आणि त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बी राखावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे किंवा विकावे, हा हक्क २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकता येत नाही.

बी धरल्यावर ते सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावे आणि पुडीवर वाण व महिना लिहावा. कांद्याचे बी वर्षभरच जिवंत राहते, मिरचीचे दोनेक वर्षे, टमाटे, वांगी व वेलभाज्यांचे चार वर्षांपर्यंत. आम्ही पुड्या एका स्टीलच्या डब्यात घालून तळाशी मूठभर कोरडी राख ठेवतो. डबा ग्रंथालयाच्या कपाटात, इतिहासाच्या कप्प्याखाली आहे. पालकांपैकी ज्यांना बी हवे असेल त्यांनी एप्रिलअखेर, सुट्टी लागण्यापूर्वी, मुलाबरोबर निरोप पाठवावा. प्रत्येकी दहा-बारा बिया नक्की मिळतील. मिरची-वांग्याची गुंडाळी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरली तर शाळा उघडताना ती पिशवीत घालून आणता येईल एवढी होते. एस.टी.त ती मांडीवर धरावी, वरच्या फळीवर ठेवू नये.